आठ मार्चची सुट्टी

आठ मार्चच्या पहाटे यारिना तळघरात उतरली तेव्हा चुलीपाशी तीन बाप्ये पिठाने माखलेले उभे होते. या महिला दिनी बायकांनी कामाला हात लावायचा नाही, पुरुषांनी रांधून वाढायचे, फुले द्यायची, ही तिकडची जुनी रीत. युद्धातही ती कोणी सोडली नव्हती. बटाटा भरलेले, करंजीसारखे वारेनिकी मात्र उकळत्या पाण्यात फुटून त्यांची लापशी झाली होती.

"हे खायचं आहे की भिंतीच्या भोकांत लिंपायचं?" यारिना म्हणाली.

"नावं ठेवू नका, ताई," कॅप्टनचा ड्रायव्हर पानास म्हणाला. "बसा तुम्ही राणीसारख्या. आज तुमची गाडी मी नेणार."

यारिनाचे हसू मावळले.

आघाडीवरच्या जखमींना मागे आणणारी गाडी तिची होती. युद्धाआधी ती पोल्टावाकडे दुधाचा टँकर चालवत असे. सैन्यातही ड्रायव्हर म्हणूनच भरती झाली, पण पहिला हिवाळा तिच्याकडून बटाटे सोलून घेतले. पुढे एक ड्रायव्हर तापाने आडवा झाला, तेव्हा नाइलाजाने गाडी तिला दिली. त्यानंतर ती जागा तिने कोणाला मिळू दिली नव्हती.

आज पुढच्या खंदकात त्यांच्या तुकडीतला ओरेस्त मांडीत लोखंडाचा तुकडा घेऊन पडला होता. सोबत्यांना त्याला खांद्यावर घेऊन उघड्या रानातून येणे शक्य नव्हते. बाहेर दाट धुके होते. ते आहे तोवर वरून घिरट्या घालणाऱ्या शत्रूच्या ड्रोनना काही दिसत नाही. तेवढ्यात जाऊन यायचे होते.

कॅप्टन देम्यान ट्यूलिपची जुडी घेऊन आला. माणूस भला होता, आणि त्या सकाळी खुशीतही होता.

"यारिना, आज तुला सुट्टी. पोरांनीच ठरवलंय, मी फक्त हो म्हटलं."

"मला सुट्टी नको, साहेब. ओरेस्तला मी आणते."

"एक दिवस तरी आमचं ऐक."

"हिवाळाभर बटाटे सोलले तेव्हा कुणाला माझी दया आली नाही. आज रस्ता माझा आहे तर काढून घेताय."

"काढून कोण घेतंय? भेट देतोय तुला!"

पोरे हसली. तिने फुले घेतली नाहीत, तेव्हा कॅप्टनचा चेहरा पडला. "मग हुकूम समज," तो म्हणाला आणि जुडी टेबलावर ठेवली.

यारिना पानासच्या मागोमाग वर गेली. मलमपट्टी करणारा लुक्यान आधीच गाडीत बसला होता.

"पळवू नकोस," ती पानासला म्हणाली. "नाल्याच्या अलीकडे इंजिन बंद कर, काच खाली कर, कान दे. वर काही घरघरलं तर हलू नकोस."

"ताई, तुमचं दूध सांडायचं म्हणून तुम्ही जपून जायच्या. माझ्या गाडीत दूध नाही."

"पानास!"

"हो हो, कान देतो. तोवर तुम्ही आमची लापशी संपवा."

गाडी धुक्यात शिरली. थोड्या वेळाने वायरलेसवर पानासचा आवाज आला, नाला पार केला म्हणून. तो थांबला होता की नाही, हे विचारायला तिने तोंड उघडले आणि टेकडीपलीकडे दणका झाला.

धुके विरळ झाल्यावर आपल्या ड्रोनच्या पडद्यावर गाडी दिसली. ती जळत होती. आसपास कोणी हालत नव्हते.

यारिनाने कॅप्टनपुढे हात केला. "तुमच्या गाडीची किल्ली द्या."

"नाही."

"ओरेस्त जिवंत आहे अजून."

"धुकं गेलंय. संध्याकाळी शेजारच्या तुकडीची चिलखती गाडी येईल."

"संध्याकाळपर्यंत तो राहील?"

कॅप्टनने मान खाली घातली. "तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"आणि पानासच्या आईला काय दाखवणार? खरं सांगा साहेब, माझ्या जागी तो आत्ता उभा असता, तर दिली असती किल्ली?"

तो म्हणाला, "दिली असती."

"तो मेला तर चालतं. मी मेले तर तुम्हाला लाज वाटते."

"आज तू तरी वाचलीस, यारिना."

ती उत्तर देणार तोच वायरलेस खरखरला. ओरेस्तचा आवाज बारीक झाला होता. "यारिनाताई निघाली का?"

कॅप्टनने यंत्र तिच्या हातात दिले आणि मान हलवून हो म्हणायला खुणावले.

"निघाले रे," ती म्हणाली.

"पाय बधिर झालाय. लुक्यान आहे ना बरोबर?"

"आहे."

"अजून कोण?"

"पानास. ऐकतच नव्हता, चढून बसला. सारखी बडबड चाललीय त्याची."

"मग मला जागा कुठं?"

"मागं आडवा टाकते तुला पोत्यासारखा."

तो हसला, किंवा खोकला. "लवकर या. थंडी वाजतेय."

"येतोय. बोलत राहा. गावाकडचं सांग काहीतरी."

तो आपल्या बहिणीच्या मधमाश्यांचे सांगू लागला, मध्येच थांबला. यारिनाने हाक मारली. पुन्हा मारली. मागची जागा साफ केलीय, लुक्यानने पांघरूण उलगडून ठेवलंय, असे ती सांगत राहिली. पलीकडून नुसती खरखर येत होती.

"बस कर," कॅप्टन हळूच म्हणाला.

तिने यंत्र त्याच्यापुढे धरले. "मग तुम्ही सांगा त्याला. मी निघालेच नाही म्हणून सांगा."

कॅप्टनने हात पुढे केला नाही.