बिनकानाचे पेले

ठण्ण! करंड्याचं झाकण ताटात पडलं आणि स्नेहलचा डोळा उघडला. घर चिडीचूप. शेजारी बाळ झोपलेलं, कपाळ गार. दोन रात्रींचा ताप अखेर उतरला होता. खिडकीतलं ऊन मात्र केव्हाच निघून गेलेलं. म्हणजे आपण दुपारभर मेल्यासारखं झोपलो की काय! आणि पाठोपाठ आठवलं, आज रथसप्तमी. बायकांना पाचचं बोलावणं होतं, आणि हळदीकुंकवाचं वाण आणायचं राहूनच गेलं होतं.

ती धडपडत बाहेर आली. सासूबाई, शकुबाई, सतरंजीची घडी घालत होत्या. पाच वर्षांची गोदा कपाळभर हळद लावून घेऊन तिळाची वडी चोखत बसली होती.

"उठलीस? झालं समदं. अकरा जणी येऊन गेल्या."

"मला हाक नाही का मारायची? आणि वाण काय दिलंत?"

"ते काय, तू जमवून ठेवलेलंच की. डब्यांमागं."

स्नेहलनं कपाट उघडलं. साखरेच्या डब्यामागे नुसते चुरगळलेले वर्तमानपत्राचे कागद. तिचा एकही पेला उरला नव्हता.

गंगापूर रोडला गोदाच्या शाळेशेजारी मातीच्या भांड्यांची एक गॅलरी आहे. गेल्या वर्षी, बाळ पोटात असताना, शाळा सुटायला वीस मिनिटं होती आणि पाय सुजलेले, म्हणून ती नुसती टेकायला आत शिरली. गॅलरीच्या मंजुषाताईंनी काही विचारलं नाही. स्टूल पुढे केलं आणि हातात एक पेला दिला. "आधी डोळे मिटून धर गं. बघायचं नंतर." पेल्याच्या अंगावर घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा खळगा होता. तिचा अंगठा त्यात अलगद बसला. दिवसभर ती सगळ्यांना धरायची. त्या दिवशी कुणीतरी आपला हात धरल्यासारखं तिला वाटलं.

मग महिन्याला एक ती विकत घेऊन येऊ लागली. एकाचा निळा रंग भट्टीत ओघळून बुडाशी थेंब होऊन थांबलेला. एक जरासा कललेला. एक भाजल्या वांग्यासारखा काळपट, पण हातात घेतला की खाली ठेवावासा न वाटणारा. त्यातून ती कधी काही प्यायली नाही. दुपारी दोन्ही पोरं झोपली की एखादा कागदातून काढून नुसता ओंजळीत धरून बसायची, बाळ रडेपर्यंत.

"कान नाय, बूड वाकडं," शकुबाई मागून सांगत होत्या. "मला तर आधी लाजच वाटली. म्हटलं, दुकानदारानं सुनेला गंडवलं का काय! पण बायका भांडल्या गं, मला हा, मला तो. ती सावित्रीबाई, मेली कशाला बरं म्हणत नाय कधी, तिनं दोनदा बदलून घेतला. मी बी सांगितलं ठसक्यात, माझ्या सुनेनं वरीसभर एकेक निवडून आणलाय, दोन लेकरं सांभाळून. तुमच्या आणतील का?"

बोलता बोलता त्या गुडघा चोळत होत्या. वड्या थापणं, सतरंज्या काढणं, पोरीचं आवरणं, सगळं एकटीनं. सुनेला तेवढीच झोप मिळावी म्हणून.

एक शब्द काढला असता, तर याच बाई पदर खोचून अकरा दारं वाजवत गेल्या असत्या. दिलेलं वाण परत मागायला. सावित्रीबाईच्या दारातसुद्धा. आणि नाही बोललं तर? तर एकात कुणी मीठ भरणार, एकात कुणाचे टूथब्रश उभे राहणार. तिच्या डोळ्यांसमोर ते सगळे ओटे एकदम आले. अंगात भांडायचं त्राण नव्हतं. रडायचंही नव्हतं.

"का गं, गप का? माझं काय चुकलं का?"

"नाही हो, आई," स्नेहल कागद गोळा करत म्हणाली. "वाणासाठीच होते."

"मग बरं. तोंड धू. चहा टाकते."

शकुबाई ओट्याकडे वळल्या. गोदा उठून आली आणि स्नेहलच्या गाऊनला लगटून उभी राहिली. चिकट हातांनी तिनं आईचं तोंड आपल्याकडे ओढलं.

"आई," ती कानाशी कुजबुजली, "तो निळा तर तू मलापण धरू दिला नाहीस. मग त्या आजींना कसा दिलास?"