दुकान वाढवा

कॉमर्सच्या सरांना एकच ध्यास होता: पोरांनी नोकरीच्या मागे न लागता धंदा करावा. स्वतः मात्र जन्मभर पगारावर जगले, ते असो. त्यांनी वर्गात कॉम्प्युटरवरचा धंद्याचा गेम आणला. पडद्यावर एक गल्ली, आणि तिच्यातली दुकानं पोरांनी चालवायची.

बारकी त्यात पटाईत निघाली. चष्मेवाल्याची धाकटी लेक ती. गिऱ्हाईक ओळखणं रक्तातच होतं. बाबांचं दुकान हल्ली कसंबसं तग धरून होतं. ते वाचवायची युक्ती इथे सापडेल, अशी तिला वेडी आशा होती.

पहिल्या दिवशी तिनं चपलांच्या दुकानावर ‘वाढवा’ हे बटण दाबलं. पडद्यावरचं दुकान दुप्पट झालं, सर खूश. घरी येताना पाहते तर गल्लीतल्या चपलावाल्या काकांचं शटर खाली.

“काकांना काय झालं?”

“दुकान वाढवलं त्यांनी,” बाबा म्हणाले. “कायमचं.”

दुकानदाराच्या तोंडी ‘बंद’ हा शब्द येत नाही; तो अशुभ. कुलूप लावलं तरी म्हणायचं, वाढवलं. बारकी हे ऐकतच मोठी झाली होती, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं शिंप्याचं दुकान वाढवलं. संध्याकाळपर्यंत घराकडच्या गल्लीतल्या शिंप्यानंही वाढवलं. योगायोग, नुसता योगायोग, असं घोकत ती तिसऱ्या दिवशी वर्गात गेली, तर पडद्यावर चष्म्यांचं दुकान उभं. बाबांच्या दुकानाचीच तिरकी पाटी, तोच तडा गेलेला आरसा. खाली दोनच बटणं: ‘विका’ आणि ‘वाढवा’.

“सर, मला नाही खेळायचं.”

“अगं, धंद्यात कच खाऊन कसं चालेल? दाब पटकन, वेळ संपतेय.”

बाबांचं दुकान विकायचं? तिचा हात धजेना. तिनं ‘वाढवा’ दाबलं, आणि दाबता दाबता तो शब्द तिला बाबांच्या तोंडून ऐकल्यासारखा ऐकू आला. वर्गाबाहेर धावत जाऊन तिनं फोन लावला.

“बाबा, काय करताय?”

“काही नाही गं. आत्ताच दुकान वाढवलं.”

“भर दुपारी? कुणी सांगितलं तुम्हाला?”

पलीकडे बाबा जरा गोंधळले.

“असं काय विचारतेस? मागून तुझाच आवाज आला ना, ‘वाढवा’ म्हणून. म्हटलं, पोर सांगतेय, तर विचार करूनच सांगत असेल.”