चौथं पान

अंगठा म्हणजे अंगठा! चादरी धुणाऱ्या कारखान्यात एकदा तो कागदावर उमटला, की वर्षभर सुटकेचं नाव काढायचं नाही. ताई आणि धाकटी, दोघी बहिणींची हाडं तिथेच झिजली. पुढे ताईला कॅन्सर झाला आणि नव्या औषधाच्या अभ्यासात भाग घ्यायच्या संमतीचा सहा पानी कागद समोर आला, तेव्हा सातवी शिकलेल्या धाकटीने तीन पानं कशीबशी वाचून दाखवली, कंटाळली, आणि ताईला अंगठा द्यायला लावला.

महिन्याभराने ताई म्हणाली, "मला घरी ने गं."

"वेडी का तू? अंगठा दिलायस. आता कुठली निघतेस!"

ताईने पुन्हा विषय काढला नाही. ती वॉर्डातच वारली. पण धाकटीचा पिच्छा काही सुटला नाही. इस्त्रीच्या वाफेत, नळाच्या धारेत, कुठूनही ऐकू यायचं, मला घरी ने गं.

दोन वर्षांनी त्याच हॉस्पिटलने वस्तीतली दहा माणसं प्रशिक्षणाला बोलावली. ज्यांना आजवर कुणी काही विचारलं नाही, त्यांनी संशोधकांच्या शेजारी बसायचं आणि त्यांचं काय चुकतंय ते सांगायचं. धाकटी गेली. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याच औषधाच्या अभ्यासाचा जुना संमतीचा कागद वाटला. प्रत्येकाने एक पान मोठ्याने वाचायचं होतं. धाकटीच्या वाट्याला चौथं आलं.

"'तुम्ही केव्हाही अभ्यास सोडून घरी जाऊ शकता. त्यामुळे तुमचे उपचार...'"

तिने बोट ठेवून तीच ओळ पुन्हा वाचली.

"काय मावशी, चष्मा विसरलात वाटतं?" शेजारचा शिंपी हसला.

त्याच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. पण धाकटीला शपथेवर सांगता आलं असतं, तिथे ताई बसली होती, हॉस्पिटलच्या ढगळ झग्यात, आणि कान देऊन ऐकत होती.

धाकटीचा बांध फुटला. सगळं ओकून टाकलं तिने, अंगठ्यापासून वॉर्डापर्यंत. मग डोळे पुसून तणतणली, "ही ओळ पहिल्या पानावर घाला! चौथ्यापर्यंत पोचतंय कोण इथे?"

"चूक आमची आहे, तुमची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं. शिंप्याने मान खाली घातली.

हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण ज्याला हे सांगायला हवं तो खरा माणूस घरी होता. ताईचा नवरा आणि धाकटी अजून एकाच छपराखाली राहायचे. वस्तीत बोभाटा होण्याआधी त्याला आपणच सांगायला हवं, म्हणून ती तडक घरी आली.

भाऊजी चपलेचा पट्टा शिवत होते. तिने उभ्या उभ्या सांगितलं.

"ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय?"

"घरी जाता येतं ते. नर्सने सांगितलं होतं तिला."

"मग बोलली का नाही ती मला?"

भाऊजींनी सुई खाली ठेवली. "म्हणाली, धाकटी नाही म्हणतेय, म्हणजे घरात माझं करायला तिला नको वाटत असेल. उगाच तिला अवघडल्यासारखं नको."

धाकटी उसळली, "आणि तुम्ही? तुम्ही तरी विचारायचं होतं हो मला!"

"मला पण तसंच वाटलं," भाऊजी म्हणाले.