समोरून कोट

मी कोट बोलतोय. हॉटेलच्या काचेच्या दाराशी उभा असतो तो. लाल, गुडघ्यापर्यंत लांब, खांद्यांवर सोनेरी झिरमिळ्या, गळ्याशी ताठ कॉलर आणि पुढे पितळी बटणांची रांग. तुम्ही गाडीतून उतरता तेव्हा तुम्हाला आधी मी दिसतो, मग दार, आणि मग माझ्या आतला माणूस. तोही दिसलाच तर.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे फसवल्यासारखं वाटेल. मी फक्त समोरून कोट आहे. असा कसा झालो ते सांगतो. जरा सावलीत बसून ऐका.

माझा जन्म एका कॅलेंडरमुळे झाला. ते मॅनेजरांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर टांगलेलं होतं. त्यावर कुठल्यातरी थंड देशातल्या हॉटेलचं चित्र होतं. पायऱ्यांवर बर्फ, दिव्यांवर बर्फ आणि त्या बर्फात ताठ उभा असलेला लाल कोटातला दारवान. मॅनेजरांना तो इतका आवडला की महिना संपला तरी त्यांनी पान उलटलं नाही. आपल्या दारातही असाच माणूस हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं.

शिंप्याने कापड बोटांत चोळून पाहिलं आणि तो चाचरत म्हणाला, "साहेब, ही जाड लोकर आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं."

"चित्रात आहे तसाच हवा."

"चित्रात बर्फसुद्धा आहे, साहेब."

"बर्फाचं मी बघतो. तुम्ही कोटाचं बघा."

शिंप्याने कोटाचं बघितलं. बर्फाचं काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही.

माझा पहिला दारवान जाडजूड होता. पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी तो दार उघडता उघडता दाराबरोबरच झुकला आणि पायऱ्यांवर आडवा झाला. शुद्धीवर आल्यावर त्याने मला खुंटीला अडकवलं, "आता तूच उभा राहा" असं मला म्हणाला आणि घरी गेला. तो परत आला नाही.

मग आला खांब. हे त्याचं खरं नाव नव्हे. उंच, सडपातळ आणि अबोल म्हणून सामानवाल्या काकांनी त्याला पहिल्याच दिवशी हे नाव देऊन टाकलं. काका पाहुण्यांच्या बॅगा आत नेत. गुडघे कुरकुरत आणि तोंड त्याहून जास्त.

खांब मला घालून दारात उभा राहिला की त्याचा चेहरा लाल होई, डोळे भरून येत, हात सारखा गळ्याशी जाई. मला वाटे, काय हे प्रेम! इतका भारावलेला माणूस मी पाहिला नव्हता. घामोळं म्हणजे काय ते मला फार उशिरा कळलं.

आमच्या दारात एक गंमत आहे. आत थंडगार हवा असते. दार उघडलं की तिची एक झुळूक बाहेर येते, खांबाच्या नाकापर्यंत पोचते आणि पाहुण्याच्या मागोमाग परत आत जाते. पाहुणे तर काय घालून येतात! सैल सुती सदरे, पातळ पायजमे, डोक्यावर मोठ्या कडांच्या टोप्या. ते गाडीपासून दारापर्यंतच उन्हात असतात, आणि तेवढ्यासाठी त्यांची इतकी तयारी. दिवसभर उन्हात उभं राहायचं ते काम मात्र लोकरीकडे.

उन्हाळा चढला तसा खांब डुलायला लागला. एकदा दाराची मूठ धरून तो बराच वेळ तसाच उभा राहिला. दार उघडायला नव्हे, पडू नये म्हणून. काकांनी त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "पुन्हा चक्कर आली तर प्रकरण जिवावर बेतेल. सैल, सुती, फिकट कपडे घाला. अंगाला वारा लागू द्या."

"माझा कोट घट्ट, लोकरी आणि लाल आहे," खांब म्हणाला.

"मग कोट बदला."

"तो बदलायचा तर नोकरी बदलावी लागेल."

तरीही तो मॅनेजरांकडे गेला. खालमानेने विचारलं, दुपारपुरता नुसता सदरा घातला तर चालेल का. मॅनेजर काळ्या सुटात, टाय आवळून बसले होते.

"माझ्याकडे बघ. सकाळपासून कोटात आहे. जेवतानाही काढत नाही. मला होतं का काही? सगळा मनाचा खेळ आहे. कोट निघाला की माणूस निघाला, एवढं लक्षात ठेव."

खांबाने लक्षात ठेवलं. सुटीच्या दिवशी मला बटण लावायला घरी नेलं तेव्हा बायकोला सगळं सांगितलंही. ती घरी बसून लोकांचे कपडे लहानमोठे करून देते. तिने मला उचललं आणि तिचा हात खाली गेला.

"अगं बाई! हा कोट आहे की गादी?"

"रुबाबदार दिसतो," खांब पुटपुटला. मला बरं वाटलं.

"दिसू दे. मला एक सांगा, दारात तुम्ही उभे कसे राहता?"

"कसे म्हणजे? सरळ."

"पाठ कुणीकडे असते?"

"भिंतीकडे. पाहुण्याला पाठ दाखवायची नाही, असा नियमच आहे."

"मग तुमची पाठ बघतं कोण?"

खांब विचार करून म्हणाला, "कोणीच नाही."

"मग तिथे लोकर कशाला?" असं म्हणून तिने कात्री घेतली.

"अगं, नको! कळलं तर काढून टाकतील मला."

"नाही कापला तर तुम्ही पडाल. काढून टाकलेला नवरा घरी तरी येतो, अहो."

खांबाने मला तिच्यापुढे सरकवलं. मला कोणी विचारलंच नाही. खांद्यापासून खालच्या काठापर्यंत तिने माझी पाठ काढली, अस्तरासकट. बगलेच्या शिवणी उसवल्या. पाठीच्या जागी एक जुनी चादर जोडली. धुऊन धुऊन ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती आणि तिच्यावर निळी फुलं होती. "साधी नव्हती का?" खांबाने विचारलं. "साधी अजून जाड आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आमचं आयुष्य बदललं. खांब भिंतीकडे पाठ करून उभा राही आणि दार उघडलं की थंड झुळूक चादरीतून थेट त्याच्या मणक्यावरून फिरे. पण कपडे बदलायच्या खोलीतून दारापर्यंत यायचं तर भिंतीच्या कडेकडेने, खेकड्यासारखं. कोणी मागून आलं की तो झटकन वळून त्याच्याकडे तोंड करी आणि झुकून अभिवादन करी.

मॅनेजर खूश झाले. सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "शिस्त शिकायची तर याच्याकडून शिका. इतके दिवस झाले, मी याची पाठ पाहिलेली नाही!"

काका खोकल्याच्या नावाखाली बाहेर गेले. त्यांना माहीत होतं. त्यांनी एकदा फुलं पाहिली होती. तेव्हापासून रोज जाता जाता विचारत, "काय खांब्या, बागेला वारा लागतोय ना?"

असेच दिवस गेले असते, पण मोठ्या बाई येणार असं कळलं. त्या हॉटेलच्या मालकीण. क्वचितच येत. मॅनेजरांनी भर दुपारी सगळ्यांना आपापल्या लोकरी कोटांत बाहेर पायऱ्यांवर ओळीत उभं केलं. सावली नाही, आडोसा नाही. "बाई आत जाईपर्यंत जागेवरून कोणी हलायचं नाही. हलला तो कामावरून गेला." स्वतः ते सगळ्यांच्या पुढे, काळ्या सुटात, जाकीट आणि टायसकट.

खांबाने कशीबशी खांबाजवळची जागा मिळवली. दगडी खांबाजवळची. पाठ त्याला टेकवली.

गाडीला उशीर झाला. पायऱ्या तव्यासारख्या तापल्या. मॅनेजरांच्या मानेवरून घामाची धार लागली, मग ती एकदम थांबली. ते पुढेमागे व्हायला लागले.

"साहेब, आत चला," काका म्हणाले.

"मला काही... मला काहीही झालेलं..." एवढं बोलून मॅनेजर गुडघ्यांवर आले आणि तोंडावर पडले.

कोणी हललं नाही. हुकूमच तसा होता. नेमकी त्याच वेळी रस्त्याच्या वळणावर बाईंची गाडी दिसली.

खांबाचं काळीज माझ्या बटणांवर धडधडत होतं. मॅनेजर पायऱ्यांवर पडले होते. त्यांना उचलून आत न्यायचं तर गाडीकडे पाठ करावी लागणार होती. काकांनी दबक्या आवाजात म्हटलं, "खांब्या, वळू नकोस. मी बघतो." ते वाकले, त्यांचा गुडघा कडकन वाजला आणि तेही तिथेच बसले.

खांब वळला.

त्याने मॅनेजरांना उचललं, खांद्यावर टाकलं आणि दाराकडे निघाला. मागे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. माझी निळी फुलं उन्हात उघडी पडली होती. ओळीत कोणीतरी फिसकन हसलं.

आत कोचावर ठेवून खांबाने त्यांचा टाय सोडला, कोट काढला, जाकीट काढलं. आणि त्याचे हात थांबले. जाकिटाच्या खाली शर्टच नव्हता. एक कॉलर, तिला जोडलेला पोटापर्यंतचा एक पांढरा तुकडा, आणि मनगटांवर रबराने अडकवलेले दोन कफ. बाकी मॅनेजर उघडेच. जेवतानाही कोट का निघत नाही, ते आम्हाला तेव्हा कळलं.

खांबाने ओल्या फडक्याने त्यांची मान, छाती पुसली. मॅनेजरांनी डोळे उघडले. त्यांनी खांबाकडे पाहिलं, स्वतःच्या कफांकडे पाहिलं, आणि खांब पाणी आणायला वळला तेव्हा फुलांकडे पाहिलं.

"अरे," ते क्षीण आवाजात म्हणाले, "तू पण?"

"हो, साहेब."

तोवर मोठ्या बाई आत आल्या होत्या. फिकट रंगाचे ढगळ सुती कपडे, पायात साध्या उघड्या चपला, हातात छत्री. त्यांनी खांबाला सावकाश गोल फिरवून पाहिलं.

"हे कोट कोणी काढले डोक्यातून?"

"आपल्याला आवडतील असं वाटलं," मॅनेजर कोचावरूनच म्हणाले.

"मला? अहो, उन्हात माणसाने सुती घालावं, सैल घालावं. माझ्याकडे बघून एवढंही कळलं नाही तुम्हाला?"

खांबाचा जीव भांड्यात पडला. मी मात्र घाबरलो. आता आपण कायमचे खुंटीवर, असं मला वाटलं. बाई दोन पावलं मागे गेल्या, मान तिरपी करून माझ्याकडे बघत राहिल्या.

"पण समोरून शोभतो हं," त्या म्हणाल्या. "समोरून असाच राहू दे. बाकीच्यांचेही मागून कापा. कोणी केलं हे काम?"

"घरच्यांनी," खांब म्हणाला.

अशा रीतीने आमच्या हॉटेलात उन्हाळ्यासाठी सुधारणा झाली. सगळ्यांचे कोट खांबाच्या घरी गेले. पहिला आला तो मॅनेजरांचा, कागदात गुंडाळून. "पाठीला काहीही चालेल," त्यांनी निरोप दिला होता, "पण फुलं नकोत." खांबाच्या बायकोला नेमकी फुलांचीच चादर सापडली. पिवळ्या फुलांची.

आता आमच्याकडे सगळेच भिंतीच्या कडेने चालतात. कोणी कोणाला पाठ दाखवत नाही. पाहुणे जाताना म्हणतात, इतकी अदबशीर माणसं आम्ही कुठे पाहिली नाहीत.

सुती सदरा घालू द्यावा, हे अजून कोणाच्या डोक्यात आलेलं नाही. मी तर कशाला सुचवू?

माझ्या कापलेल्या पाठीचं काय झालं, ते राहिलंच. खांबाच्या बायकोने तिची पाण्याच्या बाटलीला खोळ शिवली. दाराशेजारी सावलीत ती टांगलेली असते. सकाळी खांब ती भिजवतो. उन्हाची झळ लागते तसतशी लोकर सुकते आणि आतलं पाणी गार होतं. भर दुपारी तो दोन घोट घेतो आणि डोळे मिटतो. त्या खोळीतून मला ते सुख अगदी समोरून दिसतं.

बर्फासाठी जन्मलेल्या माझ्या हातून शेवटी थोडा गारवा झाला. त्यासाठी फक्त त्याच्या अंगावरून उतरावं लागलं.

तुम्ही कधी आलात तर दारात जरा थांबा. माझ्या बटणांचं कौतुक करा, मला ते आवडतं. पण आत शिरताना त्याच्याकडे पाठ करा आणि सरळ निघून जा. तेवढ्या वेळात त्याला बाटलीपर्यंत जाऊन येता येतं.