हिरव्या पंपावरचा माणूस

“टाकी हिरव्या पंपावरच भरलीय ना हो, भाऊ?” ताईंनी विचारलं. काठी टेकत त्या बोटीपाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि एवढं बोलल्यावर त्यांना दम खावा लागला.

“हो हो, कालच भरून ठेवली,” पंपवाला म्हणाला आणि दोर सोडायला खाली वाकला. दोराची तशी काही घाई नव्हती. पण खोटं बोलताना माणसाच्या हातांना काहीतरी काम लागतं.

हौशी लोकांच्या बोटींचं ते लहानसं बंदर. धक्क्याच्या टोकाला दोन पंप होते. काळा साध्या डिझेलचा, आणि हिरवा वापरलेल्या खाद्यतेलापासून बनवलेल्या नव्या डिझेलचा. हे नवं डिझेल दिसायला पाण्यासारखं, वास जवळजवळ नाहीच, धूरही नावापुरता. इंजिनात बदल नको, टाकी धुवायला नको, साध्या डिझेलमध्ये मिसळलं तरी चालतं. पंपवाला हे येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्या वेळा ऐकवायचा की लोक म्हणत, कारखाना याच्या सासऱ्याचा दिसतोय.

ताई आणि त्यांची धाकटी बहीण त्याच्या याच बोलण्याला भुलल्या होत्या. धाकटी निवृत्त परिचारिका. सगळं बंदर तिला सिस्टर म्हणायचं. ताईंनी उभं आयुष्य टेलिफोन खात्यात दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात घालवलं, आणि आता छातीच्या दुखण्यानं त्यांचं स्वतःचंच बोलणं मध्येमध्ये तुटत होतं. जरा धूर नाकात गेला की खोकल्याची उबळ यायची. रस्त्यावर जायची भीती बसली, बाजार सुटला. पाण्यावर मोकळं वाटेल म्हणून दोघींनी जुनी बोट घेतली, तर तिच्याच धुरानं ताई पहिल्या दिवशी बेजार झाल्या. बोट विकायला निघालेल्या दोघींना पंपवाल्यानं थांबवलं होतं. “एकदा हिरव्यातलं घालून बघा. नाही जमलं तर माझं नाव बदला.” जमलं. तेव्हापासून दर रविवारी दोघी दीपस्तंभापर्यंत जाऊन यायच्या. परत येताना ताईंचे गाल तकतकीत दिसायचे आणि पंपवाल्याला वाटायचं, हे आपणच केलं.

अडचण एवढीच की हिरव्या पंपात तेल असायला हवं. कारखाना लांब, माल थोडा आणि गिऱ्हाईकं मोठमोठी. मालमोटारी होत्या, विमानं होती. त्यांच्यातून उरलंसुरलं बंदरांकडे यायचं, आणि त्यातही मोठ्या बंदरांचा नंबर आधी. इथली टाकी इतकी लहान की तिच्यासाठी टँकरवाले वाट वाकडी करायला तयार नसत. “आलाच समजा,” बंदराचे व्यवस्थापक म्हणायचे, आणि पंपावरची पाटी काही काढू द्यायचे नाहीत. एका रविवारी पंपवाल्यानं इंजिन तपासायचंय अशी थाप मारून वेळ मारून नेली. पुढच्या आठवड्यात ताईंनी स्वतः फोन केला.

“भाऊ, या रविवारी... नक्की ना? मी त्याच्याच... वाटेकडे डोळे लावून बसलेय.”

“नक्की,” तो म्हणून गेला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

शनिवारीही टँकर आला नाही. तेव्हा त्यानं काळ्या पंपाची नळी ओढली. टाकीच्या तळाशी हिरवं आहेच, मिसळलं तर बिघडत नाही, निम्मं दुखणं मनाचंच असतं, एकदाच तर आहे, अशी स्वतःची समजूत घालत त्यानं टाकी भरली. खरं कारण याहून साधं होतं. एवढा बडेजाव केल्यावर “तेल नाही” म्हणायची त्याला लाज वाटली.

रविवारी दोघी गेल्या त्या अर्ध्या वाटेवरून परत आल्या. वारा मागून होता, सगळा धूर बोटीतच येत राहिला. ताई दुमडल्यासारख्या बसल्या होत्या, ओठ निळसर पडले होते. सिस्टर एका हातानं सुकाणू आणि दुसऱ्या हातानं बहिणीची पाठ सांभाळत होत्या. पंपवाल्यानं बोट धरली, ताईंना आधार दिला. श्वास जरा जागेवर आल्यावर त्या त्याच्याकडे बघून चक्क हसल्या.

“तुमच्या तेलाचा दोष नाही हो, भाऊ. माझंच यंत्र... संपलं आता.”

हीच वेळ होती. तोंड उघडायचं आणि सांगून टाकायचं. तो म्हणाला, “सावकाश, पाय सांभाळा.”

मग रविवार येत राहिले, पण दोघी काही आल्या नाहीत. टँकर आला, हिरवी टाकी भरली, लोकांनी रांग लावली, आणि पंपवाल्याच्या तोंडून त्या तेलाबद्दल चकार शब्द निघेना. व्यवस्थापकांनी नुसतं “काय हो?” म्हटलं तरी तो दचकायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. ताईंची बोट जागेवर डुलत होती. एका सकाळी त्यानं तिच्या टाकीतलं साधं डिझेल उपसून काढलं आणि हिरवं भरलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही.

त्यानंतर सिस्टर एकट्याच आल्या. “बोट विकायची आहे. फलकावर तेवढं लावा.”

“ताई कशा आहेत?”

“खोलीबाहेर येत नाही. खिडकीसुद्धा उघडू देत नाही. डॉक्टर म्हणतात छाती होती तशीच आहे, वाढलं काहीच नाही. पण तिला पटेल तर ना! म्हणते, ज्या तेलानं त्रास होत नव्हता त्यानंही व्हायला लागला, म्हणजे झालंच आता.” सिस्टर पाण्याकडे बघत राहिल्या. “मीच तिला ओढत नेलं त्या दिवशी. सकाळी ती जरा थकलेली वाटत होती. इतकी वर्षं नोकरी केली, आणि घरच्याच पेशंटचं कळलं नाही मला.”

पंपवाल्यानं मान डोलावली. डोलावली, आणि ते त्याचं त्यालाच इतकं घाणेरडं वाटलं की त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

“एरवी तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही,” बायको म्हणाली, “आणि आता महिनाभर मुके झालायत. काय केलंत?”

त्यानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि समोरचं ताट उचललं.

“मला सांगून काय उपयोग? मी काय त्या बोटीत बसते?”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दोघींच्या घरी गेला. सिस्टरनी दार उघडलं. आतल्या खोलीत ताई उशांना टेकून बसल्या होत्या. खिडकीच्या फटींतही कापडाच्या पट्ट्या कोंबलेल्या होत्या. सिस्टरनी खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही.

“ताई, त्या दिवशी टाकीत हिरवं नव्हतं. टँकर आला नव्हता. मी काळ्यातलं भरलं. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो.”

ताई त्याच्याकडे बघत होत्या, टेलिफोनवर नंबर नीट ऐकू आला नाही की माणूस थांबतो तशा.

“म्हणजे... छाती नव्हती?”

“नाही. तेल होतं. मी होतो.”

ताई हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांना पाणी आलं. “अगं ऐकलंस का! आणि मी इथे... मरायची तयारी करत बसले! कपाटसुद्धा आवरलं मी. साड्या कुणाला द्यायच्या... तेही ठरवलं!”

सिस्टर हसल्या नाहीत. “मी रोज स्वतःला खात होते, पंपवाले. काल तुमच्यासमोर बोलले मी. आणि तुम्ही मान हलवलीत.”

“हो.”

“टँकर नाही, एवढंच म्हणायचं होतं. आम्ही काय भांडलो असतो?”

भांडल्या नसत्या. “बरं, पुढच्या रविवारी” म्हणाल्या असत्या, आणि पुढच्या रविवारी आल्या असत्या.

“जा तुम्ही आता,” सिस्टर म्हणाल्या.

“तो जाईल,” ताई म्हणाल्या. “पण मला घेऊन. माझी काठी दे.”

बोटीत आता हिरवंच भरलंय, हे वाटेत सांगत पंपवाल्यानं त्यांना गाडीतून बंदरापर्यंत आणलं. तिथून पुढे लोखंडी उतार होता, तरत्या धक्क्यावर जाणारा. पाण्याला ओहोटी लागलेली, त्यामुळे उतार चांगलाच उभा झाला होता. ताई पूर्वी एका हातानं कठडा धरून तो उतरायच्या, “धरू नका मला” असं वर बजावायच्या. आज त्यांनी एक पाऊल टाकलं. पाऊल मागे घेतलं, पुन्हा टाकलं, पुन्हा मागे. इतके दिवस पलंगावर काढलेल्या पायांत जोर कुठून येणार?

“मी उचलून नेतो,” पंपवाला म्हणाला.

“नको.” त्या पहिल्यांदाच जरा कडक बोलल्या. “पोतं नाही मी.”

सिस्टरनी ऑफिसातली खुर्ची आणून उताराच्या तोंडाशी ठेवली. ताई तिच्यावर बसल्या, काठी आडवी मांडीवर घेतली. बोट अगदी समोर, खाली होती.

“चालू करा,” त्या म्हणाल्या.

पंपवाला खाली गेला, त्यानं इंजिन चालू केलं आणि बोट हलू नये म्हणून दोर हातात घेऊन उभा राहिला. इंजिन एकसुरात धडधडू लागलं. मागच्या नळीतून इंजिन थंड करणारं पाणी पडत होतं, धूर जेमतेम दिसत होता. जो होता तो वाऱ्यानं थेट वर, ताईंकडे जात होता. सिस्टरनी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. ताईंनी डोळे मिटले आणि नाकानं मोठा श्वास घेतला. मग आणखी एक. खोकला आला नाही.

दीपस्तंभाकडे निघालेल्या बोटी एकेक करून शेजारून गेल्या. एकानं पंपाकडून हाक मारली, पण पंपवाला जागचा हलला नाही.

“बंद करू का, ताई?” शेवटी त्यानं वर बघून विचारलं.

“नको,” ताई डोळे न उघडता म्हणाल्या. “राहू दे अजून थोडं.”