नकाशात नसलेला पाट

भूमापन कार्यालयात तीस वर्षं नकाशे काढल्यामुळे गावात तिला सगळे रेघबाईच म्हणत. निवृत्तीनंतरही नकाशे निरखायची सवय गेली नव्हती. गावाच्या वरच्या उतारावर एकशे चाळीस घरांची वसाहत होणार अशी नोटीस लागली, तेव्हा बाकीचे लोक फळ्यापाशी तावातावाने बोलत होते आणि ती सोबत डकवलेल्या आराखड्याला नाक लावून उभी होती.

आराखड्यात दगडी पाट नव्हता.

चारशे वर्षांपूर्वी गाव वसवणाऱ्यांनी उतारावर आडवा, जमिनीखालून पाट बांधला होता. डोंगराचं सगळं पाणी तो गावाला वळसा घालून नदीत सोडायचा. वर फरशा, फरशांवर गवत; त्यामुळे तो कुणाला दिसत नसे. पण मातीत बांधलेली गावातली जुनी दगडी घरं उभी होती ती त्याच्याच जिवावर. तरुणपणी ती स्वतः टॉर्च घेऊन त्यातून रांगत गेली होती, टेपने मापं घेऊन आपल्यापुरता नकाशाही काढला होता. नव्या घरांच्या तिसऱ्या रांगेचा पाया नेमका तिथेच येत होता.

आराखड्याच्या खालच्या कोपऱ्यात सही होती. अभियंता म्हणून ती तिच्या जावयाची.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मुलगी आली. चप्पल न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, तू उद्या बोलणार आहेस म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"अख्खं गाव सांगतंय. लोकांना बोलू दे ना. गर्दी होईल, दृश्य बिघडेल, काय ते म्हणू दे. तू पाटाचं काढू नकोस."

रेघबाईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "म्हणजे तुला पाट माहीत आहे."

मुलीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आणि जावईबापूंना?"

"त्याचा परवाना जाईल, आई. तुला गावाच्या भिंती दिसतात, माझं घर नाही दिसत?"

"दिसतं गं. म्हणून तर तीन रात्री डोळ्याला डोळा नाही."

"मग?"

"खाली सत्तर घरं आहेत. शाळा आहे. पाणी आत शिरलं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

मुलगी आली तशी तरातरा निघून गेली. तिची ओढणी दाराच्या कडीत अडकली, तीही तिने हिसका देऊन सोडवली.

संध्याकाळी रेघबाईने जावयाला फोन लावला. माणूस नाकासमोर चालणारा. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तिच्यासमोर पाय पसरून बसला नव्हता.

"उद्या मी जुना नकाशा दाखवणार आहे," ती म्हणाली. "तुम्हाला अंधारात ठेवून बोलणं मला जमणार नाही, म्हणून सांगितलं."

 पलीकडून फोन बंद झाला.

शाळेच्या सभागृहात अकरा वाजता सुनावणी सुरू झाली. हरकती ऐकणाऱ्या अधिकारीबाई मान वर न करता लिहून घेत होत्या. शिंप्याने रस्ता अरुंद असल्याचं सांगितलं. न्हाव्याने गावाचा एवढा मोठा इतिहास सांगितला की शेवटी त्याला पाणी देऊन बसवावं लागलं. लोक हसले. रेघबाईला हसू आलं नाही. समोरच्या टेबलाशी वसाहत बांधणाऱ्या कंपनीचा व्यवस्थापक होता, शेजारी जावई. त्याची नजर टेबलावरून हलत नव्हती. मुलगी शेवटच्या रांगेत होती.

नाव पुकारलं गेलं. रेघबाई उठली. तिने जुना नकाशा उलगडला; एक बाजू शिंप्याने धरली.

व्यवस्थापक हसतमुखाने म्हणाला, "हा तीस वर्षांपूर्वीचा कागद. सरकारी दप्तरात याची नोंद नाही. आमच्या पाहणीत असं काही आढळलेलं नाही."

अधिकारीबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "पाहणी कुणी केली?"

"आमच्या अभियंत्यांनी."

"मग त्यांनाच विचारते. उतारावर पाट आहे का?"

 रेघबाईने मान खाली घातली. जावयाने नाही म्हटलं तर? आणि हो म्हटलं तर? दोन्हीकडून घाव तिलाच बसणार होता.

जावई उभा राहिला. "आहे," तो म्हणाला.  "मी फरशी उचलून पाहिलाय. पहिल्या आराखड्यात दाखवलाही होता. नंतर काढायला सांगितलं. मी काढला."

"कुणी सांगितलं?"

त्याने व्यवस्थापकाकडे पाहिलं. तेवढं पुरे होतं. मागे कुणीतरी ताडकन उठलं आणि दार आपटलं. रेघबाईला वळून पाहायची गरज नव्हती.

फेरपाहणी झाली. वरच्या चार रांगा रद्द झाल्या, पाटाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायचा हुकूम निघाला. नव्या वसाहतीतली खालची साठ घरं मात्र झालीच. गावातले काहीजण अजून त्यावरून कुरकुरतात. व्यवस्थापकाची दुसरीकडे बदली झाली. जावयाची नोकरी गेली, परवाना वर्षभरासाठी थांबला.

मुलीने पाच महिने आईचा फोन उचलला नाही. जावई मात्र दोनदा येऊन गेला. पाटाची मापं नव्याने घ्यायचं काम त्याला गावकऱ्यांनी दिलं होतं.

सहाव्या महिन्यात एका सकाळी मुलगी दारात आली. "तो सारखा तुझी बाजू घेतो," ती म्हणाली. "मी नाही घेणार. राग गेलेला नाही माझा."

"नसू दे गेलेला," रेघबाई म्हणाली. "पण आत ये."

मुलगी उंबऱ्याशी घुटमळली. मग वाकून तिने चपलेचा पट्टा सोडवायला घेतला.