उघडी कड

पूर्वीच्या शाळेत हस्तकला दिन होता, सोबत स्पर्धाही. तिसरीच्या मुलांनी घरच्यांबरोबर हातानं केलेली वस्तू आणायची होती. पूर्वीनं आजीबरोबर, म्हणजे माझ्या सासूबाईंबरोबर, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली होती. आत एखादी सुई राहिली असेल या धास्तीनं सकाळपासून मी ती कितीदा चाचपली असेल.

हेमाली मॅडमनी गोधडी टेबलावर उलगडली. "छान आहे हो. पण ही कड शिवायची राहिलीय."

"राहिली न्हाय, ठेवलीय," सासूबाई म्हणाल्या. त्या अकलोलीच्या. त्यांच्या घरात पोराच्या गोधडीची एक कड उघडीच ठेवतात. पोर वाढतं तशी दरवर्षी तिथे नवी पट्टी जोडायची. उंची थांबली की मग कड मिटवायची.

"आजी, परीक्षक अर्धवटच म्हणणार." मॅडम माझ्याकडे वळल्या. "शेजारच्या गल्लीत टेलर आहे. एक शिलाई मारून आणा, लगेच मांडू."

मी नवऱ्याला फोन लावला. कशेळीच्या गोदामातल्या गोंगाटातून सुमित ओरडला, "अगं, मार ना शिलाई! भिवंडीत राहतो आपण, मशीनला काय तोटा?"

मी गोधडी उचलली. एकट्या पूर्वीचीच वस्तू बाजूला पडेल, हिची आई प्रत्येक गोष्टीत अडून बसते म्हणतील, असलंच सगळं डोक्यात. गेटपर्यंत पोचले, तर मागून पूर्वी धावत आली. रडत नव्हती, चिडली होती.

"मम्मी, बंद केलीस तर पुढच्या वर्षीची पट्टी कुठे लावायची? मी काय एवढीच राहणार?"

मी तशीच परत फिरले.

"मॅडम, गोधडी पूर्ण आहे. मांडायची तर अशीच."

"मग स्पर्धेत नाही घेता येणार."

"नका घेऊ."

पण घरीही गेले नाही. हॉलच्या दारासमोर व्हरांड्यातच गोधडी अंथरली, उघडी कड येणाऱ्यांच्या बाजूला करून. पूर्वीला शेजारी घेऊन सासूबाई वर ऐसपैस बसल्या. "आता कोन उठवतंय ते बघू," म्हणाल्या.

मॅडम लगबगीनं आल्या. "अहो, इथे काय? परीक्षक येतायत!"

"येऊ देत. कड उघडी का, ते विचारतील. आम्ही सांगू."

तेवढ्यात परीक्षक आलेच. पूर्वी उठून त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"आधी चपला काढा," ती म्हणाली, "आणि मग बसा."